काका, आज सकाळी ८.०५

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही समोर असता तर हे पत्र लिहूच दिलं नसतं. "कायचे आभार बापू, चहा टाक" म्हणून विषय मिटवला असता. पण दसऱ्यानंतर तुम्ही अकोल्याला मुलाकडे राहायला गेलात आणि माझी टाकी सावरल्याचे आभार इथेच राहून गेले. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. घरात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे आणखी चार जण वाचतील, निदान त्यांचे पैसे तरी वाचतील.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शून्य मैलाच्या दगडाच्या गावात, नागपुरात, मी समुद्र पाळला आहे. दोन फुटी टाकी, जेमतेम ८० लिटर पाणी, तेही आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून केलेलं. दोन क्लाउनफिश, एक कोळंबी, काही गोगलगायी आणि मऊ पोवळी. दगडी पोवळ्यांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे त्यांच्या वाटेला गेलो नाही. टाकी हॉलमध्ये आहे, कारण उन्हाळ्यात घरातली थंड जागा तेवढी एकच.

एप्रिलपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग सकाळी टाकीचे दिवे लागायच्या आधी पाण्याचा पीएच (आकडा जितका खाली, तितकं पाणी आम्लाकडे झुकलेलं) मोजला की ७.६ दिसू लागला. समुद्राच्या पृष्ठभागाचा ८.१ च्या आसपास असतो आणि टाकीत ७.८ ते ८.४ चालून जातो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वास मात्र सगळेच घेतात, म्हणून पहाटेचा आकडा सर्वांत खाली असणार हे मला माहीत होतं. पण इतका खाली? खडकावरचं जांभळं, चुनखडी धरणारं शेवाळ फिकट पडलं. आमची चिमणी रोज नवे जांभळे ठिपके मोजायची, तिने मोजणंच सोडलं.

मी काय केलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानदाराने पीएच वाढवायची बाटली दिली, ती ओतली. संध्याकाळपर्यंत आकडा चढायचा, पहाटे पुन्हा तिथेच. मग दुसरी बाटली, मग मोठी बाटली. मी पीएच वाढवतो आहे असं समजत होतो आणि प्रत्यक्षात चढत होती ती अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. ती डीकेएच या एककात मोजतात, आठ-नऊ पुरे असते, माझी साडेबारावर गेली. तिचा फडशा पाडणारी दगडी पोवळी माझ्याकडे नाहीत, मग ती उतरणार कशी? हीटरच्या नळीवर चहाच्या पातेल्याला बसतो तसा पांढरा थर बसला. एके रात्री पंप घरघर करत बंद पडला. उघडून पाहिला तर चकतीभोवती चुना घट्ट धरलेला.

तो पंप व्हिनेगरमध्ये बुडवून मी जिन्यात बसलो होतो, तेव्हा तुम्ही खर्रा घोटत खाली उतरत होता. तुम्ही विचारलं, "काऊन बापू, पंप काऊन आंघोळ करून राह्यला?" कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेला माणूस आमच्याच इमारतीत राहतो आणि मी गावभर विचारत फिरलो, याची लाज वाटते.

तुम्ही आधी मीटर मागितला. सातच्या आणि दहाच्या बफर द्रावणात, म्हणजे ज्यांचा पीएच आधीच ठरलेला असतो त्यांत, बुडवून पाहिला, तर तो एक दशांशाहून थोडं जास्तच कमी दाखवत होता. म्हणजे ७.६ हा खरा ७.७२ होता. मी सुटकेचा श्वास सोडला. तुम्ही नाही सोडलात. टाकीकडे पाठ करून हॉलभर नजर फिरवलीत आणि विचारलंत, "रातच्याला इथं किती जणं झोपता?"

सहा. आई, बाबा, आम्ही दोघं, चिमणी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेला भाचा. नागपूरचा मे महिना, घरात एसी एकच, म्हणून सगळ्यांच्या गाद्या हॉलमध्ये. दारं बंद, खिडक्या बंद, फटीत कापडाच्या गुंडाळ्या. तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात, "मागच्या सालीही एसी होता का?" नव्हता. मागच्या उन्हाळ्यात खिडकीत कूलर होता.

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी आजवर वीस जणांना तरी सांगितलं असेल. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून आत ढकलतो, म्हणून तर त्याच्यासाठी दुसरं दार किलकिलं ठेवावं लागतं. एसी आतलीच हवा फिरवत बसतो. सहा माणसं रात्रभर जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तो जाणार कुठे? बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असतं, बंद खोलीत माणसं झोपली की ते दोन-अडीच हजारांवर सहज जातं. तो पाण्यात विरघळतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि पीएच खाली येतो. "पाण्याले काही नाही झालं बापू. खोलीची हवा पाह्य."

माझा विश्वास बसेना, हे तुम्ही ओळखलंत. मग वरून चुन्याची निवळी आणलीत, काचेच्या ग्लासात, पाण्यासारखी स्वच्छ. चिमणीच्या हातात सरबताची नळी दिलीत आणि दोनदा बजावलंत, "ओढू नको, फक्त फुंक." तिने गाल फुगवून फुंकलं. आधी नळीच्या टोकाशी पांढरा धूर उठल्यासारखं दिसलं, मग बघता बघता अख्खा ग्लास ताकासारखा झाला. ती म्हणाली, "माझ्या तोंडात दूध आहे?" शाळेत हा प्रयोग मीही केला होता, मार्कही मिळवले होते. पण आपण झोपेत हेच काम रात्रभर माशांच्या पाण्यावर करतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दोन मग भरले, दोन्हींत टाकीचंच पाणी. एक हॉलमध्ये, एक गॅलरीत, दोन्हींत हवेचे बुडबुडे सोडणारे दगड. तासाभराने हॉलमधला ७.७५, गॅलरीतला ८.३४. औषधाचा एक थेंब नाही. कुणाची टाकी अशीच रुसली असेल तर आधी हे करून पाहा. गॅलरीतला मग वर गेला तर दोष घरातल्या हवेचा. तोही खालीच राहिला तर अल्कलिनिटी मोजा, तीच कमी असण्याची शक्यता जास्त.

उपाय ऐकून मला हसू आलं होतं, ते आता कबूल करतो. एसीच्या तांब्याच्या नळ्या ज्या भोकातून बाहेर जातात, तिथली पुट्टी तुम्ही स्क्रूड्रायव्हरने टोकरलीत, सिलिकॉनची बारीक नळी आरपार घातलीत आणि तिचं आतलं टोक स्किमरच्या, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या, हवेच्या तोंडाला जोडलंत. स्किमर तासन्‌तास पाण्यात बुडबुडे घुसळत असतो, ते आता बाहेरच्या हवेचे झाले. "४५ अंशांची लू टाकीत ओढायची?" असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात की ८० लिटर पाण्यापुढे तेवढ्या हवेच्या उष्णतेची काय बिशाद, उलट कोरडी हवा पाणी उडवून थोडं गारच करेल. तसंच झालं. थर्मामीटर जागचा हलला नाही, वरून घालायचं आरओचं पाणी तेवढं वाढलं.

बाटल्या बंद केल्या. दर आठवड्याला थोडं पाणी बदलत अल्कलिनिटी साडेआठवर आणली, त्याला दीड महिना लागला. पहाटेचा पीएच ७.९८ आणि संध्याकाळचा ८.२ वर स्थिरावला. आईने पहाटे खिडकी बोटभर उघडायला डासांच्या नावाने विरोध केला होता. आता तीच उघडते आणि डोकं हलकं वाटतं म्हणते. टाकीसाठी केलेली ही एकमेव गोष्ट, जिच्यावर आता घरात कुणी बोलत नाही.

पावसाळ्यात तुम्ही निवळीचा दुसरा उपयोग शिकवलात. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, त्याचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी घ्यायची. चुना प्रयोगशाळेचा. पानवाल्याकडच्या डबीकडे माझा हात गेला तेव्हा तुम्ही तो बाजूला सारलात, "तो पानाले ठीक आहे." एक भाग निवळी, तीन भाग आरओचं पाणी, नवा सलाईनचा सेट लावून रात्री थेंब थेंब. हा चुना हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड धरतो आणि पोवळ्यांना, शेवाळाला कॅल्शियमही देतो. पण निवळीचा पीएच बाराच्या वर, घाईने ओतली तर टाकीतलं सगळं मरेल. म्हणून सेटचं चाक मी अजूनही दोनदा तपासून झोपतो.

जाता जाता तुम्ही एकदा म्हणाला होतात की मोठ्या समुद्राचंही हेच होऊन राह्यलं, कारखाने सुरू झाल्यापासून ८.२ चा ८.१ झाला. त्याला कुठल्या भोकातून नळी घालायची, ते मात्र तुम्हीही सांगितलं नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. धूरफवारणीची गाडी आली की तो धूर नळीतून थेट टाकीत जाईल आणि कोळंबी तर त्यातून वाचायची नाहीच. हे चिमणीच्या लक्षात आलं, माझ्या नाही. गल्लीच्या तोंडाशी घरघर ऐकू आली की ती हातातली पोळी टाकून पळते आणि नळी चिमटीत धरून उभी राहते. मी मागून स्किमर बंद करतो. "आता सोडू?" असं ती तीनदा विचारते.

सध्या थंडी आहे. एसी बंद, गाद्या पुन्हा आपापल्या खोल्यांत गेल्या. आज सकाळी मीटरवर ८.०५ होता. मागच्या काचेवर शेवाळाचे सतरा जांभळे ठिपके आहेत, मोजणी चिमणीची.

तुमची काचेची फनेल माझ्याकडेच राहिली आहे. फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. संक्रांतीनंतर अकोल्याला येईन तेव्हा संत्रा बर्फीसोबत आणतो. काकूंना नमस्कार.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा समुद्रवाला
नागपूर