टेप हातात देणाऱ्या काकूंना

शिवणवाल्या काकू, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवरचं काही वाचत नाही हे ठाऊक आहे, पण तुमची सून वाचते. ती वाचून दाखवेल. समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "बरं, अस्तर आणलंय का?" एवढंच विचारलं असतं, म्हणून हे असं चारचौघांत.

माझी भाची दहावीसाठी माझ्याकडे राहते. हुशार आहे, मायाळूही आहे, पण जिभेला हाड नाही. रिक्षावाल्याचे दात, वर्गातल्या मुलीचं वजन, गणिताच्या बाईंच्या ओठांवरची लव. लक्ष्मी रोडवरून चाललं की समोरून येणाऱ्या प्रत्येकाची मापं काढायची. दिवसभर फिल्टर लावलेले गुळगुळीत चेहरे बघायचे आणि खरा चेहरा दिसला की नाक मुरडायचं.

यावर कुणी काय काय उपाय केले ते सगळं सांगत बसत नाही. समुपदेशक बाई "वयच असं असतं" म्हणाल्या आणि सकारात्मक विचारांचा एक छापील कागद हातात ठेवून मोकळ्या झाल्या. एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात तिला आत्मविश्वास शिकवला. तो तिच्याकडे आधीच उतू जात होता. घरच्यांची तऱ्हा तर विचारूच नका. तिच्या शेऱ्यांवर पोट धरून हसायचे, "भारी निरीक्षण आहे हो पोरीचं" म्हणायचे. तीच पोर एकदा काकाच्या टकलावर घसरली तेव्हा मात्र सगळ्यांना संस्कार आठवले. फेअर अँड लव्हलीच्या नावातलं 'फेअर' २०२० मध्ये गेलं. आमच्या नातेवाइकांत फिरणाऱ्या बायोडेटांमधलं 'गोरी, सडपातळ' जागचं हललेलं नाही. पोरगी हे सगळं काही आभाळातून शिकून आलेली नाही.

निरोप समारंभाच्या साडीवरचं ब्लाउज शिवायला आम्ही तुमच्याकडे आलो. दारातली पाटी वाचून ती खुदकन हसली: "माप एकदाच घेतले जाईल. नंतर जाड-बारीक झाल्यास दुकान जबाबदार नाही." तुम्ही मशिनवरून उठून पुढे आलात आणि तिला तुमची बोटं दिसली, ओठांभोवतीचे पांढरे डाग दिसले. ती मागे सरकली. "मावशी, ह्यांच्या हातानं नको ना. मला काहीतरी होईल." तिच्या मते ती हळूच बोलली. तुमच्या दुकानात हळू बोललेलं लपायला जागा आहे कुठे? बाकावर बसलेल्या दोघी बायकाही माना वळवून बघायला लागल्या.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तुम्ही हातानंच थांबवलंत. गळ्यातली टेप काढून तिच्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "आधी तू माझं माप घे. येतं का बघू."

काकू, ते एक वाक्य आणि पुढे आलेली ती टेप. माझं मन अजून तिथेच घुटमळतंय. "खांद्यापासून धर. हा मुंढा. आता दंडघेर, एक बोट आत ठेव, नाहीतर बाही रुतते." ती आधी टेपचं टोक नुसतं नखांनी धरत होती. तुम्हाला ते दिसलं, तुम्ही दिसू दिलं नाहीत. कोपराशी टेप निसटली तेव्हा तिनं तुमचा हात धरला, थेट डागांवरच. "ओढू नकोस गं, आहे तेवढंच लिही," असं तुम्ही खेकसलात, हाताखालच्या नव्या मुलीवर खेकसावं तसं. तिनं वहीत आकडे लिहिले. मग टेप तुम्हाला परत दिली आणि आपणहून हात पसरून उभी राहिली.

तिची लाज काढायचा तुम्हाला पूर्ण हक्क होता आणि त्यासाठी लागणारी जीभही तुमच्याकडे आहे, पाटीच सांगते. आपल्या गावात तर झणझणीत उत्तर देणाऱ्याचे किस्से वर्षानुवर्षं सांगितले जातात. तुम्ही तसा किस्सा होऊ दिला नाहीत. ज्यानं दुखावलं त्याचीच लाज राखायची, तीही गोड बोलण्याचा कसलाही आव न आणता, हे किती जणांना जमतं? पदव्यांची भेंडोळी घेतलेल्यांना जमलेलं मी तरी पाहिलं नाही.

त्या रात्री ती माझ्या खोलीत आली आणि मलाच शिकवायला लागली. कोड कुणाकडून कुणाला लागत नाही. शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून डाग पडतात. कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. जगात साधारण शंभरात एकाला कोड असतं आणि २५ जूनला त्याचा जागतिक दिवस असतो. "आणि मावशी, आपल्या पुण्यातच डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन आहे, ह्याच लोकांसाठी!" मी मान डोलावत राहिले. हेच मी सांगितलं असतं तर तिनं कानात इअरफोन घातले असते.

ती सुधारली, असं मात्र लिहिणार नाही. कालच शेजाऱ्यांच्या शर्टावरून काहीतरी बोललीच. पण परवा एका लग्नाचा विषय निघाला, आमच्या एका आजी म्हणाल्या, "सून चांगली आहे, रंग जरा दबलेला आहे इतकंच," आणि ही पोह्यांच्या बशीतून मान वर करून म्हणाली, "मग?" आजींनी लिंबू मागितलं.

ब्लाउजचं सांगायचं राहिलं. ते न्यायला आली तेव्हा तुम्ही तिला बसवून हुका तिच्याकडूनच लावून घेतल्यात आणि तेवढ्यासाठी शिलाई निम्मी केलीत. हुकांची शिलाई निम्मी कधीपासून झाली, काकू? दोन साड्या फॉल-पिकोला घेऊन ती शनिवारी एकटीच येणार आहे. उरलेले पैसे तिच्याकडे देतेय. मुकाट्यानं घ्या.

तुमची,
दर वेळी अस्तर विसरणारी गिऱ्हाईक