छोटा अमोनाइट म्हणजे पिल्लू नव्हे!

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार. सध्या ठाण्यात खडे-रत्नांची प्रदर्शनं सारखी लागतात आणि त्यात गोल गोल वळणांचे अमोनाइट, म्हणजे समुद्रातल्या एका नामशेष प्राण्याचे दगड झालेले शंख, हमखास असतात. परवा एक स्टॉलवाला ठोकून सांगत होता की हे आपल्या येऊरच्या डोंगरात मिळालेत, आणि बारके तुकडे दाखवून म्हणे ही पिल्लं आहेत, मोठी झाली असती. आजूबाजूची पोरं माना डोलवत होती म्हणून हे पत्र.

अहो येऊरचा डोंगर काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाचा, त्यात समुद्रातला प्राणी येणार कुठून? वरळीला बेडकांचे जीवाश्म मिळालेत खरे, पण ते लाव्हाच्या थरांमधल्या गोड्या पाण्याच्या गाळातले. अमोनाइट बघायचे तर कच्छला जा नाहीतर तमिळनाडूत अरियलूरकडे, तिथे जुन्या समुद्राचा गाळ आहे. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळीग्रामसुद्धा बऱ्याचदा अमोनाइटच असतो. आणि कापून पॉलिश केलेले जे विकतात ते बरेचसे मादागास्करचे.

आता पिल्लांचं. अमोनाइट हे माकुळ-ऑक्टोपसचे नातेवाईक, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले. कित्येक जातींमध्ये एकाच जातीचे दोन साइजचे शंख मिळतात, एक मोठा, एक लहान, आणि लहान तो बहुतेक नर असावा असं अभ्यासक मानतात. तो पूर्ण वाढलेला असतो, कारण बऱ्याचदा त्याच्या तोंडाशी दोन बाजूंना जिभेसारख्या पट्ट्या आलेल्या दिसतात आणि शंखाच्या आतले शेवटचे कप्पे एकमेकांना चिकटून दाटीने असतात, म्हणजे वाढ थांबली हे कळतं. स्कॅफाइट नावाचे अमोनाइट तर अजून मजेशीर, बरेचसे तळहातावर मावतील एवढेच, आधी नीट गुंडाळलेले आणि मग मोठं झाल्यावर शेवटचा भाग वेटोळं सोडून सरळ जातो आणि गळासारखा परत वळतो, तोंड वर. असा आकार झाला की पुढे वाढायला जागाच नाही, तरी त्याला पिल्लू म्हणायचं? आणि ही बारकी मंडळी अमोनाइटांच्या अगदी शेवटापर्यंत टिकून होती बरं का.

डायनासोरच्या बातम्या तुम्ही फोटोसकट छापता, कधीतरी रविवारी यांनाही अर्धं पान द्या. आणि प्रदर्शनवाल्यांनी प्रत्येक तुकड्यासोबत तो कुठल्या देशातला ते लिहावं, किमतीची चिठ्ठी तर न विसरता लावतातच ना.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे