बाबा, गोळी पुन्हा सुरू करा

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी बंद केल्याचं आईकडून कळलं. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ वरून ८२ वर आलं ते गोळीमुळेच. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं. तुमच्या या रोसुव्हास्टॅटिनच्या गोळीमुळे ते कमी तयार होतं, आणि मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा परत चढतो. चढलेला कळतही नाही, कारण दुखत नाही की खुपत नाही; रक्तवाहिन्यांत थर मात्र साचत राहतो. शिवाय लॅबच्या कागदावर १०० पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं ते सरसकट सगळ्यांसाठी. तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून डॉक्टरांनी ७० च्या खाली सांगितलंय. म्हणजे ८२ सुद्धा अजून जास्तच.

पोटऱ्या दुखतात हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंच नाहीत ना? या गोळीने काहींचे स्नायू दुखतात. त्यावर रक्ताची तपासणी असते, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. व्हॉट्सॲपवरचं लसणाचं पाणी तिची जागा घेऊ शकत नाही.

आई, “अंडंसुद्धा खात नाही, तरी यांना कसं झालं?” असं विचारत होतीस. तुझ्या हाताच्या जेवणाला बोल लावून घेऊ नकोस गं. आजोबांनाही हृदयविकार होता. हे पुष्कळदा घराण्यातूनच येतं. फक्त ओल्या नारळाचं वाटण रोज नको, त्यातली चरबी बहुतेक संतृप्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी असते. गणपतीत मोदक करच, त्यात काटकसर नको. चहाबरोबरची खारी मात्र कायमची बंद. कुळथाचं पिठलं, मटकीची उसळ वाढव. आणि दुकानदाराने ‘कोलेस्टेरॉल फ्री’ म्हणून महागाची तेलपिशवी दिली तर घेऊ नकोस, शेंगदाण्याच्या तेलातही कोलेस्टेरॉल नसतंच. तेल कुठलंही असो, बेतानेच घाल. तुझीही तपासणी करून घ्यायचीय, टाळू नकोस.

बाबा, उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा. गोळी किती दिवस बंद होती आणि पोटऱ्या कधीपासून दुखतायत, दोन्ही सांगा. ते म्हणतील तशी सुरू करा, आणि पुढची तपासणी कधी करायची तेही विचारून घ्या. शनिवारी मी येतेय, फाइल काढून ठेवा.

तुमची,
मनू