डेकवर पीयू मारू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, की गुहागरच्या घरामागे केलेल्या सागवानी डेकवर, म्हणजे त्या उघड्या लाकडी ओट्यावर, पॉलिशवाला पीयूचे (पॉलियुरेथेनचे, व्हार्निशसारखाच लाकडावर थर धरणाऱ्या पॉलिशचे) तीन हात मारणार आहे. तेव्हापासून मला चैन नाही. त्याला थांबव रे.

माझा डेक तू पाहिलायस. इथले बरेचसे डेक औषध मुरवलेल्या पाइनचे असतात. घर घेतलं त्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून मी त्यावर व्हार्निश मारलं. उन्हाळाभर दृष्ट लागावी असं दिसलं. हिवाळा सरला, एप्रिलमध्ये बाहेर आलो, तर पायरीपाशी पापुद्रे सुटलेले. एक नखाने उचलला तर वीतभर पट्टी हातात आली आणि खालचं लाकूड काळंओलं. पाणी स्क्रूच्या भोकांतून, फळ्यांच्या टोकांतून आत शिरलं होतं. वरच्या थरामुळे त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. पुढचे तीन शनिवार-रविवार मी गुडघ्यांवर बसून ते सगळं खरवडून काढलं. तुझ्यावर ही वेळ यायला नको.

घरातल्या टेबलावर पीयू टिकतं, कारण तिथे ऊन-पाऊस नाही. बाहेरची फळी पावसात फुगते, उन्हात आकसते, वरचा थर शेवटी तडकतो. त्यातून तू कोकणात! आमच्याकडे वर्षभरात साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस, तुमच्याकडे तीन हजारांच्या वर, तोही बहुतेक चार महिन्यांत.

तेव्हा लाकडात मुरणारं तेलाचं स्टेन घे, किंचित तपकिरी छटेचं. उन्हाने लाकडातलं लिग्निन, म्हणजे धागे एकत्र धरून ठेवणारा घटक, तुटतं आणि फळी करडी पडते. ते ऊन रंगाचे कण अडवतात, बिनरंगी तेलाला ते जमत नाही. नुसतं अळशीचं तेलही नको, दमट हवेत त्यावर बुरशी धरते.

घाई मात्र करू नकोस. पावसाची ओल पुरती सुकू दे, डिसेंबर उजाडला तरी चालेल. शेवाळ मऊ ब्रशने घासून काढ. जोरदार पाण्याचा फवारा मारलास तर लाकडाचे धागे उभे राहतात. मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, त्याहून बारीक नको, नाहीतर तेल मुरत नाही. ऊन उतरल्यावर एकच पातळ हात दे आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल फडक्याने पुसून घे. न पुसलेलं तेल चिकट राहतं. फळ्यांची कापलेली टोकं सर्वांत जास्त पाणी पितात, त्यांना दोन-तीनदा तेल पाज. बहुतेक कारागीर नेमकी तीच सोडतात, म्हणून तू स्वतः उभा राहा.

आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू देऊ नकोस. ती सुकताना आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळव, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेव. काकू दुपारी मागच्या पडवीत झोपतात, म्हणून हे जास्तच जीव तोडून सांगतोय.

पुढे दर दिवाळीनंतर फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून बघत जा. मोत्यासारखे उभे राहिले तर अजून एक वर्ष काळजी नाही. पसरून मुरले तर धुऊन, वाळवून पुन्हा एक हात. खरवडाखरवड नाही.

पॉलिशवाल्याशी बोललास की रात्री फोन कर. मी जागाच असेन. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मिलिंद