मिरचीची आग : लिंबू, कोमट पाणी आणि सॅनिटायझर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरची झोंबल्यास काय करावे, याची एक चौकट आपल्या पुरवणीत आली होती. हातावर लिंबू चोळा, कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा, सॅनिटायझर लावा, असे तीन उपाय तीत होते. तिन्हींनी आग कमी व्हायच्या ऐवजी वाढण्याचीच शक्यता जास्त. धर्माबादची लाल मिरची असो की भोकरदन-सिल्लोडकडची हिरवी, तोडणी आणि देठ खुडणे ही कामे मुख्यतः बायाच करतात. त्यात आता घरोघरी येसर आणि काळा मसाला सुरू होईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन हे द्रव्य कातडी भाजत नाही. ते वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकावरील टीआरपीव्ही१ नावाच्या प्रथिनाला चिकटते. हा रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन, डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधून काढला. २०२१ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळाले. चार सारखे तुकडे एकत्र येऊन पेशीच्या आवरणात बसवलेले हे एक दार आहे असे समजा. एरवी ते मिटलेले असते. तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेले की ते उघडते, कॅल्शियम आणि सोडियम आत घुसतात आणि ‘भाजले’ असा निरोप मेंदूकडे जातो. कॅप्सेसिन चिकटले की हेच दार अंगाच्या नेहमीच्या तापमानालाही उघडते. निरोप तोच, त्यामुळे मेंदूला फरक कळायला मार्ग नाही. हात लालही होतो, कारण मज्जातंतूंची टोके सब्स्टन्स पी आणि सीजीआरपी ही द्रव्ये सोडतात व आसपासच्या रक्तवाहिन्या फुगतात.

कॅप्सेसिन चिकटते कुठे, हे कळले की उपाय आपोआप सुचतो. त्याच्या रेणूला एका टोकाला व्हॅनिलिल गट (हे त्याचे डोके), मध्ये अमाइडचा सांधा आणि दुसऱ्या टोकाला कार्बनची लांब शेपटी असते. या शेपटीमुळे ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात सहज विरघळते. पेशीचे आवरणही स्निग्धच. कॅप्सेसिन आधी त्यात मुरते आणि रिसेप्टरच्या आवरणात रुतलेल्या भागातल्या एका खोबणीत जाऊन बसते, शेपटी वर आणि डोके पेशीच्या आतल्या बाजूला. पक्ष्यांच्या रिसेप्टरची घडण इथे थोडी निराळी आहे, उष्णता त्यांनाही कळते पण मिरची लागत नाही. रोही आणि रानडुकरांसाठी मिरचीचे पाणी फवारणाऱ्या शेतकऱ्यांनी पोपटांकडून मात्र काही अपेक्षा ठेवू नये.

आता ते तीन उपाय. हे दार उष्णता, आम्ल आणि कॅप्सेसिन अशा तिन्हींना प्रतिसाद देते आणि एकाने दुसऱ्याचा जोर वाढतो. कॅप्सेसिन बसलेले असताना कोमट पाणीही कढत लागते ते यामुळे. लिंबाचे तसेच. धड कातडीतून आम्ल फारसे आत जात नाही, पण देठ खुडणाऱ्या हाताच्या नखांच्या कडा चिरलेल्या असतातच. सॅनिटायझरचा मामला थोडा फसवा आहे. अल्कोहोलमध्ये कॅप्सेसिन विरघळते हे खरे, पण सॅनिटायझर कुणी पुसून काढत नाही, हातावरच वाळू देतो. अल्कोहोल उडून जाते, पसरलेले तिखट मागे राहते. शिवाय अल्कोहोलमुळे रिसेप्टरची ४२-४३ अंशांची पायरी ३४ च्या आसपास उतरते, म्हणजे जवळजवळ कातडीच्या तापमानाला.

खरे काम तेलाचे आणि साबणाचे. हात ओले न करता आधी दोन चमचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल घ्यावे. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या खाली आणि कडेने दोन-तीन मिनिटे चोळावे. मग ते तेल जुन्या फडक्याने किंवा रद्दी कागदाने पुसून टाकावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तेलात उतरलेले तिखट पुन्हा मनगटापर्यंत नेतात. त्यानंतर भांडी घासायचा साबण आणि गार पाणी. तेल, पुसणे, साबण असे दोन-तीनदा करावे. फडके टाकून द्यावे, टॉवेलला हात लावू नये. कातडीत आधीच मुरलेले कॅप्सेसिन यानेही निघत नाही. त्यासाठी गार पाण्याची पट्टी, तीही ती ठेवलेली असेपर्यंतच आराम देते. बर्फ थेट लावू नये. मेंथॉलचा बाम थंड वाटतो खरा, पण तो टीआरपीएम८ या वेगळ्याच रिसेप्टरवर काम करतो, कॅप्सेसिन जागेवरच राहते.

तळहाताची कातडी जाड असल्याने आग कधी कधी काम संपल्यावर उशिरा सुरू होते, म्हणून ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनीही घरी जाण्याआधी हात असेच धुवावेत. सुती हातमोजे घालण्यापेक्षा न घातलेले बरे, कारण ते रस शोषून दिवसभर हाताला धरून ठेवतात. नायट्राइलचे (एक प्रकारचे कृत्रिम रबर) घ्यावेत आणि फाटले की लगेच बदलावेत. मिरची चिरताना बियांना दोष देतात, पण कॅप्सेसिन तयार होते ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात. हाताला सर्वांत कमी तोच लागू द्यावा.

तोंड पोळल्यास दूध किंवा दही घ्यावे. त्यातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेते. नुसत्या पाण्याने गारवा मिळतो तेवढाच.

कांडपाच्या ठसक्याबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रक्तदाबासाठी इनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना कॅप्सेसिनने खोकला जास्त येतो. गोळी मनाने बंद करू नये, कांडपावर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवावे. दम्याच्या रुग्णांनीही तिथे थांबू नये.

नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या ठणक्यासाठी ०.०२५ किंवा ०.०७५ टक्के कॅप्सेसिनचे मलम देतात. ते दोन दिवस लावून ‘आग होते’ म्हणून टाकून देणारे पुष्कळ. रिसेप्टर सारखा उघडा राहिला तर आत जमलेल्या कॅल्शियममुळे तो थंडावतो, मज्जातंतूची टोकेही काही काळ मागे सरतात, आणि मलमाचा गुण तोच आहे. त्यासाठी दिवसातून तीन-चारदा, नेमाने, दोन ते चार आठवडे लावावे लागते. अधूनमधून लावले तर दर वेळी आग तेवढी होते, गुण येत नाही. उघड्या जखमेवर आणि गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच लावू नये. लावल्यावर हात साबणाने धुवावेत.

डोळ्यांचा उल्लेख आपल्या चौकटीत नव्हता. डोळ्यात तेल किंवा दूध घालू नये. डोळा न चोळता स्वच्छ वाहत्या पाण्याखाली १५-२० मिनिटे धरावा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हात धुऊन आधी काढावी आणि ती पुन्हा वापरू नये. दुखणे किंवा अंधुक दिसणे राहिले तर डॉक्टरांकडे जावे. मसाल्याचे दिवस ऐन भरात येण्याआधी एवढी दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
औषधशास्त्राचा एक शिक्षक, नांदेड