वजन पडलं की सुटणारं लॉक आणि त्यावरची तुमची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापन आणि ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑपरेशननंतर वापरायच्या गुडघ्याच्या ब्रेसचं लॉक सुटणं, आणि तो परत घ्यायला दिलेला नकार

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे फोनवर बोलण्यात अर्थ नाही एवढं त्यातून कळलं, म्हणून लिहिते आहे.

ब्रेस कसा चालतो ते तुम्हाला सांगत बसत नाही, माल तुमचा आहे. दोन बाजूंना दोन हिंज, म्हणजे बिजागऱ्या, प्रत्येकावर कोनाचा डायल, शेजारी लॉकची सरकपट्टी. दोन्ही बाजू 0 वर, म्हणजे पाय सरळ ठेवून, लॉक केल्या की गुडघा वाकता कामा नये. माझ्या ब्रेसची बाहेरची बाजू हे मुकाट ऐकते. आतली बाजू पायावर वजन आलं की सुटते, अख्खा ब्रेस पीळ खातो आणि गुडघा वाकून जातो. डायल मात्र शेवटपर्यंत 0 च दाखवत राहतो.

माझं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडं बांधून धरणारं लिगामेंट, तुटलं होतं. त्या जागी हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा, टेंडन काढून ग्राफ्ट बसवला, आणि फाटलेला मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, तीही शिवली. नुसत्या एसीएलनंतर प्रत्येकाला ब्रेस लागतोच असं नाही, कित्येक सर्जन देतही नाहीत. मला दिला तो मुख्यतः मेनिस्कसच्या टाक्यांसाठी: चालताना गुडघा सरळ लॉक करायचा, आणि बसल्यावर 90 अंशांच्या पुढे न्यायचा नाही. शिवाय ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू काम सोडून देतो. पाय सरळ ठेवून उचला म्हटलं, तर आपण जीव खाऊन प्रयत्न करतो आणि टाच गादीवरून हलत नाही. अशा पायावर उभं राहायचं तर गुडघा सावरायचं काम त्या स्नायूच्या ऐवजी तुमच्या दोन दांड्यांनी करायचं असतं. तुमच्या खोक्यावर तसं मोठ्या अक्षरांत छापलेलंही आहे.

आता परतीच्या मुदतीबद्दल. तुमचा माणूस दर वेळी तिथेच येऊन थांबतो, म्हणून हे नीट वाचा. तुमची माहितीपुस्तिका सांगते की ब्रेस ऑपरेशनच्या आधीच मागवा, मापाचा करून घ्या, लावायची-काढायची सवय करा. मी तसंच केलं. पण लिगामेंट तुटलं की दुसऱ्या दिवशी टेबलावर घेतात असं नसतं. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर आणखी आखडतो. म्हणून आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडीत ताकद आणायची, आणि मग तारीख. माझा गुडघा सरळ व्हायला वेळ लागला, सर्जननी तारीख पुढे ढकलली. तुमची परतीची मुदत मात्र खोकं दारात पडलं त्या दिवसापासून चालू. म्हणजे ज्या पायासाठी ब्रेस घेतला त्या पायाचं ऑपरेशन व्हायच्या आतच तो परत करायचा हक्क संपलेला. हा नियम लिहिणाऱ्याने ऑपरेशनची तयारी या विषयावरची तुमचीच पुस्तिका उघडून तरी पाहिली होती का?

ब्रेस आला तेव्हा मी तपासला नाही, असं तुमच्या माणसाने दोनदा सुचवलं. तपासला होता. हातात धरून, रिकामा, लॉक होतो. खुर्चीत बसून पायावर चढवला तरी लॉक होतो. सुटतो तो फक्त उभं राहून वजन टाकल्यावर, आणि ऑपरेशन झालेल्या, सुजलेल्या, दगा देणाऱ्या पायावर तर हमखास सुटतो. त्याच पायासाठी तो बनवलाय, असा माझा आपला समज.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. फिजिओकडे गेले तेव्हा त्यांनी दोन्ही बाजू स्वतः लॉक केल्या आणि आतल्या हिंजच्या वरच्या-खालच्या तुकड्यांवर बॉलपेनने एक सलग रेघ मारली. कुबड्या घेऊन खोलीच्या टोकापर्यंत जाऊन या म्हणाले. मी गेले, आले. रेघेचे दोन तुकडे झाले होते, वरचा पुढे सरकलेला, खालचा मागे राहिलेला. त्यांनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून तिथल्या तिथे कोन मोजला: 0 लिहिलेल्या डायलखाली माझा गुडघा 12 अंशात वाकलेला. त्या रेघेचा फोटो तुम्हाला मेलवर पाठवला आहे. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

12 अंश म्हणजे काय मोठं, असं वाटणारं कोणी तुमच्याकडे असेल तर त्याला एवढंच सांगा. या ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यांत सगळ्यांत आधी मिळवायचं असतं ते गुडघ्याचं पूर्ण सरळ होणं. वाकणं नंतरही वाढवता येतं. सरळ होणं एकदा गेलं की ग्राफ्टच्या पुढ्यात चट्ट्याच्या ऊतीची गाठ धरू शकते, गुडघा शेवटच्या काही अंशांना अडतो, आणि ती काढायला पुन्हा दुर्बिणीने आत जावं लागतं. म्हणून आम्ही टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन गुडघा तसाच अधांतरी खाली सोडून पडून राहायचं, दात ओठ खात. आणि दिवसभर असे मिळवलेले अंश चालताना तुमच्या ब्रेसने परत घ्यायचे. शिवाय टाके घातलेल्या मेनिस्कसवर, वाकलेल्या गुडघ्यातून, पूर्ण वजन. ग्राफ्टला हाडात धरायला आठवडे लागतात, तोवर तो सर्जननी लावलेल्या स्क्रूवर आणि बटणावर तग धरून असतो. नेमक्या याच दिवसांत तुमचं लॉक सुटतं आहे.

आता आजचा संवाद. मी तो जसाच्या तसा लिहिते आहे. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं फोन लागताक्षणी सांगता, तेव्हा ताडून पाहा.

"मॅडम, ब्रेस वापरलेला आहे का?"

"हो. ऑपरेशन झालंय माझं."

"मग परत घेता येणार नाही. वापरलेली वस्तू आरोग्याच्या कारणासाठी आम्ही घेत नाही."

"न वापरता बिघाड कसा कळणार?"

"डिलिव्हरी झाल्यावर तपासून घ्यायचं असतं, मॅडम."

"तपासला होता. रिकामा असताना बिघाड दिसत नाही. पायावर वजन टाकलं की लॉक सुटतं."

यावर थोडा वेळ कीबोर्डचा आवाज. मला वाटलं तक्रार लिहून घेताहेत. मग:

"मॅडम, मग वजन थोडं कमी टाका ना."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही सुचलंच नाही. तेव्हा बहुधा त्यांना वाटलं मला उपाय पटला, म्हणून त्यांनी पुढचा सांगितला.

"तुम्ही तो चांगल्या पायाला लावून बघा. तिथे नीट चालला तर प्रॉडक्टमध्ये प्रॉब्लेम नाही."

"उजव्या पायाचा ब्रेस डाव्याला लावू? आणि ऑपरेशनचा पाय तोवर कशावर उभा करू?"

"ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. किंवा मग व्हिडिओ पाठवा, मॅडम. तुम्ही चालताय आणि लॉक सुटतंय असा. एकाच शॉटमध्ये, चेहरा आणि ब्रेस दोन्ही दिसले पाहिजेत."

"लॉक सुटलं तर मी पडेन."

"हो मॅडम, पण ते व्हिडिओत दिसलं पाहिजे."

हे वाक्य मी तुमच्यासाठी पुन्हा लिहिते: ते व्हिडिओत दिसलं पाहिजे. गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर पडून दाखवायचं, आणि पडताना चेहरा फ्रेममध्ये ठेवायचा. पडल्यावर व्हिडिओ नीट अपलोड झाला नाही तर पुन्हा पडायचं का, हे विचारायचं राहिलं. शेवटी मला विचारण्यात आलं की आणखी काही मदत हवी आहे का, आणि संभाषणाला पाचपैकी किती तारे द्याल. तारे दिलेले नाहीत. ते कुठे लावायचे याची माझी एक सूचना होती, पण पत्रात लिहिण्यासारखी नाही.

तो मुलगा असेल वीस-बावीसचा, त्याच्यापुढे कोणीतरी लिहून दिलेला कागद असणार. त्याच्यावर राग नाही, म्हणजे आहे, पण मुख्य राग तो कागद लिहिणाऱ्यावर. तुमच्या कागदात 'वापरलेला' हा एकच शब्द सगळ्या दारांना कुलूप लावतो. ऑपरेशननंतर घालायचा ब्रेस न वापरलेला कसा असेल? वापरल्याशिवाय बिघाड कळत नाही, आणि बिघाड कळला की तो वापरलेला. हे मी मेलमध्ये लिहिलं होतं, चॅटवर लिहिलं होतं, आज फोनवर बोलले, आता कागदावर लिहिते आहे. कुठेतरी कोणीतरी एकदा वाचावं.

हे सगळं लिहून झाल्यावर तुमच्या पुस्तिकेतलं ते चित्रही राहवत नाही म्हणून सांगते. 'घरी घ्यायची विश्रांती' या पानावर हसतमुख पेशंट पलंगावर पडलाय आणि त्याच्या गुडघ्याखाली जाडजूड उशी आहे. एसीएलच्या पेशंटला फिजिओ पहिल्याच भेटीत हाग्या दम देतात तो याचसाठी: गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. बरं वाटतं, आणि गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. गुडघ्यांचा धंदा करणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल तर ब्रेसच्या आतल्या हिंजबद्दल मला नवल वाटायला नको.

नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे नाव मी मुद्दाम निवडलं होतं. आमच्या फिजिओच्या खोलीत तुमचे जुने ब्रेस आहेत, पट्ट्यांचे वेल्क्रो झिजलेले, कापड पिवळं पडलेलं, आणि लॉक अजून ठणठणीत. सध्या मी त्यातलाच एक उसना घालून चालते आहे. त्याचा डायल 0 म्हणतो तेव्हा 0 च असतं. म्हणजे चांगलं लॉक बनवता येतं तुम्हाला, आधी बनवत होता. नव्या मॉडेलमध्ये सरकपट्टी धातूची जाऊन प्लॅस्टिकची आली, हे दोन्ही ब्रेस शेजारी ठेवले की कोणालाही दिसतं. बिघाड तिथेच आहे असा माझा अंदाज. तुमच्या इंजिनिअरला एका दुपारचं काम आहे, उघडून बघा म्हणावं.

मला बदली ब्रेस नको. पूर्ण पैसे परत हवेत, आणि कुरिअर तुम्ही पाठवायचं, कारण खोकं उचलून कुबड्यांवर कुठे जाणं मला शक्य नाही. याच मॉडेलचे ब्रेस आणखी किती जणांच्या पायांवर आहेत ते तुमच्या विक्रीच्या वहीत आहे. त्यांना कळवा. त्यांच्यापैकी कित्येकांकडे बॉलपेनने रेघ मारणारा फिजिओ नसेल. त्यांना वाटत असेल आपलाच पाय कमजोर आहे. परतीची मुदत ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा, डिस्चार्जचा कागद मागा हवा तर, देईल कोणीही. ते उशीचं चित्र काढा.

याचं उत्तर लेखी आलं नाही तर मी ग्राहक आयोगात जाणार. फिजिओनी कोनाची नोंद सही करून दिली आहे, रेघेचा फोटो आहे, आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे. मैदानावर परत जायला मला किमान 9 महिने सांगितलेत, त्यामुळे तारखांना हजर राहायला वेळच वेळ आहे. तो व्हिडिओ तुम्हाला खरंच हवा असेल तर आयोगासमोर तुमच्या कंपनीतल्या कोणीतरी हा ब्रेस घालून, गुडघा ढिला सोडून, सगळं वजन टाकून दाखवावं. चेहरा आणि ब्रेस दोन्ही दिसतील असं बघू.

फोन करू नका.

तुमची ग्राहक
(ऑर्डर क्रमांक तुमच्याकडे आहे. प्रत्येक कॉलला मी तो सांगितलेला आहे.)