आईचे सांधे

ब्रिस्बेन, रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "चिकुनगुन्याचा ताप जाऊन पाच आठवडे झाले, आता फोंड्याहून सावंतवाडीला यायला तिला काय हरकत आहे?" त्यानंतर मी फोंड्याला मावशीशी बोलले. आई सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरते आणि न्हाणीघराच्या एका पायरीपाशी थांबून राहते. हे ऐकल्यापासून मन लागत नाही, म्हणून लिहिते आहे.

ताप उतरला, विषाणूही रक्तातून गेला. सांधे मात्र अजून धुमसताहेत. चिकुनगुन्याचा विषाणू सांध्याच्या अस्तरात शिरला की तिथल्या पेशी प्रथिनं सोडून एकमेकींना हाका घालतात. आमच्या विषयात या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. इंटरफेरॉन ही पहिली हाक, शेजारच्या पेशींना सावध करणारी. ती ऐकूच न येणारे प्रयोगशाळेतले उंदीर या विषाणूनं मरतात, इतका तिचा आधार! पण त्याच हाकांमध्ये सीसीएल-२ नावाचं प्रथिन असतं. ते रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना सांध्यात बोलावतं. तिथे त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी, होतात, त्याही प्रथिनं सोडतात, मग आणखी पेशी येतात. सूज आणि सकाळचा ताठरपणा यातूनच येतो. औषधानं सीसीएल-२ रोखलं तेव्हा उंदरांच्या सांध्यांची सूज कमी झाली. सिंगापूरमध्ये ज्या रुग्णांचं दुखणं लांबलं, त्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हे असंच एक सायटोकाइन जास्त सापडलं. म्हणजे आईचं दुखणं रक्तात मोजता येण्याइतकं खरं आहे, बाबा. टांझानियातल्या माकोंदे लोकांनी या आजाराला नावच 'वाकवून टाकणारा' असं दिलं.

इथे क्वीन्सलंडात रॉस रिव्हर ताप असतो. त्याचा विषाणू चिकुनगुन्याचाच चुलतभाऊ, १९५९ साली टाउन्सव्हिलजवळच्या डासांत सापडलेला. माझ्या घरमालकीणबाईंना तो झाला होता. चार महिने त्यांना बागेत वाकता येत नव्हतं. आता रोज खुरपं घेऊन बसतात.

आईला मनानं स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नका. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवू. मावशीच्या कुळागरातल्या करवंट्या पालथ्या घालायला सांगा. पोफळीच्या गळलेल्या पानांच्या खोलगट देठांतही पाणी साचतं. चिकुनगुन्या पसरवणारे हे डास दिवसा चावतात, रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.

आणि तिला बोलावू नका, तुम्हीच पणजीची कदंबा बस धरून पुढे फोंड्याला जा. चार दिवस राहा. सकाळचा चहा तुम्ही करा, कप अर्धाच भरा, म्हणजे तिच्या बोटांवर भार येणार नाही.

तुमची,
मनू